पाहुण्यासमोर नाही म्हणत नाहीत

आमच्या संस्थेचं ऑफिस पांढरकवड्याला, हायवेच्या कडेला एका गॅरेजच्या वर आहे. खाली ट्रकांचे टायर खोलतात, वर आम्ही कायदा वाचतो. गॅरेजचे मालक म्हणजे चाचा, आमचे घरमालकही तेच. मी पहिल्या दिवशी जिना चढताना त्यांनी विचारलं होतं, "बेटी, तू भी वकील?" मी मान हलवून नाही म्हटलं. ते म्हणाले, "अच्छा है. एक काफी है."

ती एक म्हणजे ताई. त्या वकील आहेत आणि संस्था त्याच चालवतात. जंगल, पाणी, खाणी यांचे कायदे गावातल्या माणसांपर्यंत नेणं आणि गावातल्या माणसांचं म्हणणं कायद्यापर्यंत नेणं, हे आमचं काम. मला घेतलं ते भाषांतरासाठी. मी पुसदच्या इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मराठी बोललेलं चालायचं नाही आणि घरी इंग्रजी बोलायला कोणी नव्हतं. मधल्यामध्ये मी गप्प राहायला शिकले. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला. बाईंना वाटायचं धडा समजला, मावश्यांना वाटायचं मुलगी गरीब स्वभावाची आहे, आणि एकदा तर एका मुलाच्या घरच्यांना वाटलं की स्थळ मला पसंत आहे. ते निस्तरायला आईला फार त्रास झाला.

ही नोकरी घेतली तेव्हा वडील थोडे नाराज होते. आमच्याकडे नोकरी म्हणजे सरकारी. पण कायद्याचं काम आहे म्हटल्यावर ते जास्त बोलले नाहीत. आमच्या घरात समोरच्या भिंतीवर फोटो आहे तो एका वकिलाचाच, त्यामुळे कायद्याचं महत्त्व कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी आल्यावर पहिलं मोठं प्रकरण आलं ते एका पोडाचं. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. हे पोड जंगलाच्या कडेला आहे, खाली एक नाला आहे. उन्हाळ्यात हातपंप कोरडा पडतो, पण नाल्याच्या वाळूत हातभर खणलं की पाणी वर येतं. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. पोडाचा उन्हाळा त्या झिऱ्यावर निघतो. नाल्याच्या पलीकडे चुनखडीची खाण आहे, बरीच जुनी. कंपनीला ती वाढवायची होती, आणि वाढ नाल्याच्या बाजूने होती. खाण तिकडे खोल गेली तर झिरा तिच्यात उतरेल, हे कळायला पोडावर कोणाला अहवाल लागत नव्हता.

खाण वाढवण्याआधी तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकायचं, असा नियम आहे. त्याला जनसुनावणी म्हणतात. आदल्या दिवशी ताई आणि मी पोडावर गेलो होतो. पोडाच्या मधोमध चावडी आहे, लाकडी खांबांवर छप्पर, भिंती नाहीत. आम्हाला बाजेवर बसवलं, कोरा चहा दिला. ताईंनी सगळं नीट सांगितलं: कंपनी काय मागते, कायदा काय म्हणतो, उठून कसं बोलायचं. शेवटी विचारलं, "मग विरोध करायचा ना? खाण नको म्हणायचं ना?" नाईकांनी, म्हणजे पोडाच्या प्रमुखांनी, मान डोलावली. मागे बसलेल्या बायकांनीही डोलावली. परत येताना ताई खुशीत होत्या.

सुनावणी शेजारच्या गावात शाळेच्या मैदानावर झाली. मांडव होता, साहेबांसाठी सोफे होते, टेबलावर कुंड्या होत्या. कंपनीच्या माणसाने मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली आणि मराठीत वाचून दाखवलं. ती मराठी मलाही अवघड गेली. "भूगर्भजल पातळीवर नगण्य परिणाम" हे वाक्य मला अजून आठवतं, कारण त्या वेळी नाईक अतिशय आदराने ऐकत होते. मग अध्यक्षस्थानच्या साहेबांनी विचारलं, "कोणाची काही हरकत?"

कोणी उठलं नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. ताई माझ्या शेजारी पुढे सरकून बसल्या होत्या, नाईकांकडे बघत. नाईकांनी हात जोडले. पोडावरची सगळी माणसं हात जोडून बसली.

शेवटी ताईच उठल्या आणि बोलल्या. इतिवृत्तात त्यांचं बोलणं "बाहेरील एका संस्थेच्या प्रतिनिधींनी मत मांडले" एवढंच आलं. त्याच्यावरचं वाक्य होतं, "स्थानिक ग्रामस्थांपैकी कोणीही हरकत नोंदवली नाही." काही महिन्यांनी खाणीला मंजुरी मिळाली.

ताई चिडल्या नाहीत, पण दोन दिवस चहा प्यायला खाली गेल्या नाहीत. चाचांनी वर येऊन विचारलं, "मॅडम की तबियत?" मी म्हटलं, बरी आहे. ते म्हणाले, "मुकद्दमा हारने की बीमारी है. हमको भी होती है, जब इंजन नहीं सुधरता."

मंजुरीविरुद्ध पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील करायचं ठरलं. त्यासाठी पोडावरच्या कोणाचं तरी प्रतिज्ञापत्र हवं होतं. ताई आणि मी पुन्हा गेलो. पुन्हा बाज, पुन्हा कोरा चहा. ताईंनी विचारलं, "सुनावणीत बोलला का नाही?" कोणी काही बोललं नाही. सगळे हसले, तेही आदराने. ताईंनी पुन्हा सगळं समजावलं. पुन्हा माना डोलल्या. आम्ही निघालो.

जीप पोडाबाहेरच्या मोहाच्या झाडापर्यंत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओढणी बाजेवरच राहिली. जीप थांबवून मी चालत परत गेले. वळणावरूनच आवाज ऐकू आला. आधी वाटलं भांडण चाललंय. जवळ गेले तर चावडी भरलेली होती, मगाशी होती त्याहून जास्त. सगळे एकाच वेळी कोलामीत बोलत होते. एक म्हातारी हातवारे करून नाईकांना काही सुनावत होती, नाईक तिला सुनावत होते. ज्या बायका मगाशी खांबाला टेकून मान डोलावत होत्या त्या आता मध्ये येऊन बसल्या होत्या. मी दिसले आणि आवाज बंद झाला. एकदम, वर्गात बाई आल्यावर होतो तसा.

एक बाई माझी ओढणी घेऊन उठली. नाईकांची सून. तिला सगळे अक्का म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. ती बाजाराच्या दिवशी पांढरकवड्याला यायची तेव्हा आमच्या ऑफिसात पाणी प्यायला थांबायची, आणि एवढीच आमची ओळख होती.

"काहून आलीस वापस? ओढणी फेकून मारली असती मी जीपवर."

मी विचारलं, "आम्ही असताना कोणी बोलत नव्हतं. आता?"

"आता तुमी गेले ना."

"म्हणजे?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी खरंच विचारतेय की कसं, हे ठरवत. "पाव्हण्यासमोर नाही म्हणत नाही आमच्यात. पाव्हणा बसला की आयकाचं. तो गेला की मंग आपसात बोलाचं. बोलून झालं की नाईक जाऊन सांगते त्याले. तुमच्यात तोंडावरच नाही म्हणता का?"

सगळ्या कोलामांत अशी रीत असते की नाही मला माहीत नाही. या पोडावर होती.

मी म्हटलं, "मग त्या सुनावणीनंतर नाईक सांगायला गेले नाहीत का?"

"गेले ना. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. मांडवच उठला होता. शाळेत पोरं पाढे म्हणून राह्यले होते."

हे ऐकून मला हसू आलं नाही. नाईक दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर घेऊन त्या रिकाम्या मैदानावर उभे आहेत, असं मला दिसत राहिलं. मग मी विचारलं, "उत्तर काय होतं?"

"खाण नको असं नाही म्हणत आमी. आमचे दोन-चार पोरं जातेत तिथं कामाले. नाल्याकडची बाजू सोडा म्हणतो. झिरा राहू द्या. बाकी खोदा मंग तिकडं पार हैदराबादपर्यंत."

जीपपर्यंत मी मुद्दाम हळू चालत आले. ताईंना हे सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, की साहेबांनी ज्याला होकार धरलं तो होकार नव्हता. दुसरी, की आम्ही ज्याला होकार धरलं तोही नव्हता. पोडाला खाण बंद करायची नव्हती. ते आम्ही ठरवलं होतं, आणि आम्हीही पाहुणेच होतो, म्हणून त्यांनी आम्हालाही तोंडावर नाही म्हटलं नव्हतं, आणि नाईक उत्तर घेऊन येण्याआधीच सुनावणी उजाडली होती.

मला मोठ्यांसमोर असं काही बोलायची सवय नाही. जीपमध्ये बसून मी बाहेर बघत सगळं सांगून टाकलं, न थांबता, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. घाट संपल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी गावोगाव लोकांना बोला बोला म्हणत फिरतेय, आणि ते बिचारे मी जायची वाट बघत असतात."

ड्रायव्हरला हसू आवरलं नाही. ताईही हसल्या. नंतर त्यांनी मला जे सांगितलं ते मी तसंच लिहून ठेवलेलं नाही, पण अर्थ असा होता: आपण खाण बंद करा म्हणून भांडायचं नाही. लोकांचं ऐकलंच गेलं नाही एवढ्यावरच भांडायचं. मग ते काय म्हणतात ते त्यांचं ते म्हणतील.

प्रतिज्ञापत्र अक्काने केलं. ती सांगत गेली, मी इंग्रजीत लिहीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं इंग्रजी कोणाच्या तरी कामाला आलेलं दिसलं. एक परिच्छेद मात्र काही केल्या जमत नव्हता. पाहुण्यासमोर नाही म्हणत नाहीत, हे इंग्रजीत लिहिलं की ती माणसं भित्री वाटायची, नाही तर लबाड. दोन्ही नव्हती. मी खोडत बसले. मग मला माझं ते स्थळ आठवलं, आणि मी लिहिलं की इथे शांतता हा उत्तराचा भाग नाही, उत्तराच्या आधीचा वेळ आहे. ताईंनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. एक शब्दही बदलला नाही. त्या प्रत्येक मसुद्यात निदान स्वल्पविराम तरी बदलतात.

न्यायाधिकरणाची सुनावणी व्हिडिओवर होती. पुण्याला जाण्याऐवजी ताईंनी आमच्या ऑफिसातूनच बाजू मांडायची ठरवली, म्हणजे अक्काला आणि नाईकांना सोबत बसता येईल. चाचांनी सकाळीच गॅरेजमध्ये हुकूम सोडला, कोर्ट सुरू आहे तोवर हातोडा बंद. एक ट्रकवाला खाली ओरडत होता की त्याला आदिलाबादला जायचंय. चाचा त्याला म्हणाले, "ऊपर जज साहब बैठे हैं. तेरा टायर उनसे बडा है क्या?"

कंपनीचे वकील चांगले होते. त्यांचा मुद्दा सरळ होता: सूचना दिली, सारांश स्थानिक भाषेत म्हणजे मराठीत वाचला, दोनदा विचारलं, कोणी बोललं नाही. आता बाहेरची संस्था लोकांच्या नावाने बोलते आहे. ताई म्हणाल्या की स्थानिक भाषा म्हणजे राज्याची नव्हे, ज्यांचं पाणी जाणार त्यांची. मग न्यायाधीशांनी आमचा तो परिच्छेद वाचला आणि विचारलं, प्रतिज्ञापत्र करणारी व्यक्ती हजर आहे का?

अक्का कॅमेऱ्यासमोर आली. तिने पदर नीट केला आणि मला म्हणाली, "तू बस इथं. मी बोलतो, तू त्यांच्या भाषेत सांग. जास्तीचं टाकू नको."

ताई शेजारच्या खुर्चीवर सरकल्या. मी बसले. पडद्यावर माझा चेहरा दिसत होता. त्याच्याकडे न बघण्यासाठी मी अक्काच्या हातांकडे बघत राहिले.

न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला समजलं नव्हतं तर तेव्हा सांगितलं का नाही? अक्काने चावडीची रीत सांगितली, जशी मला सांगितली होती तशीच, फक्त ओढणीचं सोडून. मी इंग्रजीत सांगितलं. पहिलं वाक्य मी दोनदा सुरू केलं. न्यायाधीश थोडे पुढे झुकले. त्यांनी विचारलं, असं असेल तर तुमचं उत्तर अधिकाऱ्यांना कळायचं कसं?

अक्का म्हणाली, "थांबाचं मंग. चहा घ्याचा. आमी का जन्मभर बसून राह्यतो बोलत?"

मी ते तसंच्या तसं सांगितलं. कंपनीचे वकीलही हसले. पण न्यायाधीश हसता हसता काहीतरी लिहून घेत होते, आणि ताईंनी टेबलाखाली माझा हात धरला होता.

आदेश आला तेव्हा मी ऑफिसात एकटी होते. आधी स्वतःशी वाचला, मग मोठ्याने. वाढीव खाणीची मंजुरी थांबवली होती. सुनावणी पुन्हा घ्यायची, पोडावरच घ्यायची. सारांश तिथल्या लोकांच्या बोलीत तोंडी सांगायचा. आणि सांगणं व विचारणं यांच्यामध्ये लोकांना आपसात, इतर कोणी हजर नसताना, बोलायला पुरेसा वेळ द्यायचा. केवळ गप्प राहणं म्हणजे संमती असं इतिवृत्तात लिहिता येणार नाही. शेवटचं वाक्य माझ्या परिच्छेदाच्या इतकं जवळ होतं की मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. माझं नाव कुठेच नव्हतं, आणि मला ते बरं वाटलं. घरी फोन केला. वडिलांना आदेशाची भाषा मराठीत सांगितली. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचली. मागून आईचा आवाज आला, "हिनं लिहिलं का?" आणि वडील तिला म्हणाले, "आपल्या पोरीनं गप्प राहण्याचा कायदा केला." तसं काही नव्हतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

दुसरी सुनावणी पोडावर झाली तेव्हा पळस फुलला होता. या वेळी मांडव नव्हता, चावडीतच सगळे बसले. खाणीबद्दलचं सगळं एका कोलाम शिक्षकाने कोलामीत सांगितलं. कंपनीच्या माणसाला मध्येमध्ये विचारून, पुन्हा सांगून. मग साहेबांनी आदेशाची प्रत काढली, बघितली आणि उठले. "चला, आपल्याला बाहेर जायचंय."

ताई सवयीने बसूनच होत्या. अक्का म्हणाली, "तुमी बी, ताई."

आम्ही सगळे बाहेर आलो, साहेब, कंपनीची माणसं, ताई, मी. मोहाखाली बाजा टाकून ठेवल्या होत्या. अक्काच्या लेकीने कोरा चहा आणून दिला. कंपनीचा मॅनेजर आणि ताई एकाच बाजेवर बसले, कारण दुसरी जागा नव्हती. चावडीतून आवाज येत होता, चढत होता, उतरत होता. कोणाला एक शब्द समजत नव्हता. थोड्या वेळाने मॅनेजरने ताईंना विचारलं, "तुम्हाला तरी माहीत आहे का, काय म्हणणार आहेत?"

"नाही," ताई म्हणाल्या. "या वेळी मी विचारलंच नाही."

साहेब घड्याळ बघत नव्हते हे मी पाहिलं. सगळी मोठी माणसं गप्प बसून वाट बघत होती, आणि या कामात मी त्या सगळ्यांपेक्षा तरबेज होते. मला आठवतंय त्याप्रमाणे, कामाच्या जागी इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मग नाईक आले. हात जोडले, आणि उभे राहून सांगितलं. नाल्याकडची बाजू सोडा. झिऱ्याच्या वरच्या अंगाला सुरुंग नको. बाकी खाणीला आमचं 'नाही' नाही. साहेबांनी लिहून घेतलं, तिथेच वाचून दाखवलं, शिक्षकाने कोलामीत पुन्हा सांगितलं. एका म्हातारीने मधेच काही दुरुस्त केलं, तेही लिहिलं. पुढे सुधारित मंजुरी आली तेव्हा नाल्याकडचा पट्टा त्यातून वगळलेला होता.

अलीकडे त्या आदेशाची प्रत मागणारे फोन येतात. परवा दुसऱ्या राज्यातल्या एका डोंगराळ भागातून एका संस्थेतल्या मुलीने केला. तिथेही एक सुनावणी झाली होती, तिथेही लोक गप्प बसले होते. ती इतकी हळू बोलत होती की मला खाली जाऊन चाचांना हातोडा थांबवायला सांगावं लागलं. मी तिला प्रत पाठवली. प्रकरणाचं नाव, कलम, सगळं सांगितलं. मग म्हटलं, तुमच्याकडे लोक उत्तर कसं देतात ते आधी बघा. आमच्याकडचं तसंच्या तसं लावू नका. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बराच वेळ मीच बोलत होते.

या उन्हाळ्यात मी पोडावर गेले होते, कामासाठी नाही, सहज. हातपंप कोरडा होता. अक्का मला नाल्यावर घेऊन गेली. वाळू बाजूला करून तिने झिरा मोकळा केला, पाणी गढूळ होतं ते निवळू दिलं, मग वाटीने माझी बाटली भरली.

"कसं हाय?"

"छान आहे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा ओढणी घेऊन उभी होती तशी. मी आणखी एक घोट घेतला.

"जरा तुरट लागतं," मी म्हटलं. "चुन्यासारखं."

"लागतेच," ती म्हणाली, आणि वाटी वाळूत उपडी ठेवली. "चाल, घरी जाऊ. आज चहा तू कर."